कांता, तू हो म्हणाली नाहीस

कांते, आज तिसरा दिवस. आमच्या लोकांत तिसऱ्या दिवसाला फार अर्थ आहे, आणि नेमक्या त्याच अर्थावरून तू माझ्याशी जन्मभर वाद घातलास. सकाळी तुझा लेक शिवा येऊन गेला. "मावशी, आज आमच्यातच जेवा," म्हणाला. मी बरं म्हणाले. दुकान त्याने अजून उघडलेलं नाही. बाकी सिरसाळ्यात सगळं जिथल्या तिथं आहे. नाक्यावर परळी-परळी, माजलगाव-माजलगाव असं ओरडणं चालू आहे आणि मला त्या ओरडणाऱ्यांचा उगाच राग येतोय.

राग तुझाही येतोय, ते आधी सांगून टाकते. मी नर्स, माणसं जाताना खूप पाहिलीत, गेल्यावर काय करायचं असतं ते माझ्या हातांना पाठ आहे. तुझं मात्र काही जमेना. मला तू पुढच्या घरी माझ्याजवळ हवी होतीस. आमच्या श्रद्धेप्रमाणे त्या घरी जायला येशूला हो म्हणावं लागतं, आणि तू शेवटपर्यंत हो म्हणाली नाहीस. एवढंच आपलं भांडण. ते तू अर्ध्यात टाकून गेलीस, म्हणून आज एकटीने पुढे चालवायला बसले आहे.

मी जालन्याकडून बदली होऊन इथल्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा गावात खोली मिळेना. नाव रुथ म्हटलं की लोक ते पुन्हा विचारायचे, मग घरात विचारून सांगतो म्हणायचे, आणि मग कुणी सांगायचं नाही. तू दुकानात बसली होतीस. गूळ बांधून देता देता मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि म्हणालीस, "मागं दोन खोल्या हायत. मटन-मासळी शिजवायची न्हाई. मोरी तुंबू द्यायची न्हाई. आन लेकरू आजारी पडलं तर बोलवीन, कुरकुर करायची न्हाई. जमतंय का?" मी जमतं म्हणाले. तू विधवा बाई, पदरात एक पोरगं, दीर-जावा बोलणार हे ठरलेलं. त्यात लिंगायताच्या घरात ख्रिस्ती भाडेकरू. तुझा दीर बोललाच. तू त्याला सांगितलंस, "तिचा देव तिच्या खोलीत, माजा माज्या गळ्यात. मदी भिंत हाय की." त्या भिंतीच्या अलीकडेच मी म्हातारी झाले.

तुझ्या गळ्यातला देव मी पहिल्यांदा पाहिला तो सकाळी, दार लोटताना. तू पाटावर बसलेली, डाव्या तळहातावर ते इवलंसं काळं लिंग, त्यावर भस्म, बेलाचं पान, आणि डोळे त्याच्यावर असे लागलेले की मी आल्याचं तुला कळलं नाही. पूजा झाल्यावर तू ते पुन्हा चांदीच्या डबीत ठेवून दोऱ्याने गळ्यात बांधलंस आणि म्हणालीस, "काय पायजे, साखर का?" मला साखरच हवी होती. पण मी चहा पिताना विचार करत राहिले की आमच्या चर्चमध्ये इतकं एकटक मी कधी कशाकडे पाहिलं आहे का.

माझा देव तू पहिल्यांदा पाहिलास तो कॅलेंडरवर. माझ्या भिंतीवर वधस्तंभावरच्या येशूचं चित्र होतं. तू जवळ जाऊन पाहिलंस. "हा मानूस कोन गं? ह्याला इतकं कावून मारलंय?" आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं, कुणी विचारलं तर साक्ष द्यायची. विचारणारी इतकी आयती चालून येईल असं वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि लागले सांगायला.

ऊसतोडीला माणसं गेली की गाव निम्मं रिकामं होतं, आरोग्य केंद्रातही गर्दी नसते. त्या दिवसांत दुपारी तू दुकानातली तूर निवडायला ओट्यावर बसायचीस आणि मी रोज थोडी थोडी गोष्ट सांगायची. गोठ्यातल्या बाळंतपणाचं सांगितलं तेव्हा आपण दोघींनी त्या जागा न देणाऱ्या सराईवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. "सुईन बी न्हवती? आन नाळ कशानं कापली?" तू मला विचारलंस. आमच्या पवित्र शास्त्रात नाळेचं काही नाही. मला आजवर कुणी ते विचारलंही नव्हतं.

येशूने शिष्यांचे पाय धुतले ते सांगितलं, त्या दिवशी तू हातातलं सूप खाली ठेवलंस. तुमच्यात जंगम स्वामी घरी आले की तुम्ही त्यांचे पाय धुता आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेता. तुझ्या कल्पनेत गुरूचे पाय वर आणि आपले हात खाली, दुसरं काही शक्यच नव्हतं. "म्हंजी गुरूनंच चेल्यांचे पाय धुतले?"

"हो. कमरेला पंचा गुंडाळून, खाली बसून."

"आन त्यांनी धुऊ दिले?"

"एक जण नको म्हणाला."

"मी बी नगंच म्हनले असते," तू म्हणालीस. तूर तशीच पडून. मग म्हणालीस, "लई मोठा मानूस हाय गं ह्यो." मला वाटलं, झालं, आली ही. त्या दिवशी मी जालन्याला आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

वधस्तंभाची गोष्ट ऐकताना तू रडलीस. गिऱ्हाईक आलं, त्याला "थांब जरा" म्हणालीस, ते बिचारं थांबलं. खिळे ठोकणाऱ्यांसाठी त्याने माफी मागितली, हे ऐकल्यावर तू पदर तोंडाला लावलास. मग दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने तिसऱ्या दिवसाची गोष्ट सांगितली: दगड बाजूला सरलेला, कबर रिकामी, बाया सांगत पळत सुटल्या, तो जिवंत आहे. मी तुझ्याकडे पाहत होते. आता हिचा चेहरा उजळणार म्हणून. तू तुरीतला खडा उचलून टाकलास. "हे न्हाई पटलं."

"म्हणजे?"

"काल लई मोठं सांगितलंस. मारनाऱ्याला माफ केलं, तिथंच जितला की त्यो. अजून काय जितायचं ऱ्हायलं? आता उठला म्हनल्यावर त्या मरनाचं वजनच कमी झालं बग. पुना उठायचंच हाय हे म्हायीत असल्यावर मीबी मरन की."

मला इतका राग आला की मी उठून खोलीत गेले. जन्मभर ईस्टरच्या पहाटे मी ज्या गोष्टीवर गाणी म्हटली, ती तू तुरीतल्या खड्यासारखी वेचून बाजूला काढलीस. आणि वाईट असं की तू त्याची थट्टा करत नव्हतीस. तुला तो इतका आवडला होता की त्याचं मरण कुणी हलकं करू नये असं तुला वाटत होतं. हे मला समजायला फार वर्षं लागली.

मग ते चालूच राहिलं. तू एकेक घेऊन यायचीस, कधी दळण आणता आणता, कधी नळाला पाणी आलेलं असताना. "देवाचा एकुलता एक लेक म्हनतीस. मग आमी काय सावत्र?" मी समजावून सांगायची. "बरं, ते अंजिराचं झाड. हंगाम न्हवता म्हनतीस, तरी फळ न्हाई म्हून त्यानं त्याला वाळवलं? ह्ये मात्र चुकलं त्याचं. बिगरहंगामी झाडाला बोल लावनारा मानूस शेतकरी नसनार." मी म्हणाले, तो सुतार होता. "तेच म्हनते," तू म्हणालीस, आणि पुढे कितीतरी दिवस त्या झाडाची बाजू घेऊन माझ्याशी भांडत राहिलीस. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी त्या झाडाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं. ते मी तुला पाच मिनिटांत सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "झाडाला हे म्हायीत व्हतं का?"

आणखी एक मात्र तू हसत विचारलं नव्हतंस. तुझ्या सासूला जाऊन वर्ष झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तू म्हणालीस, "रुथ, शेवटच्या दिसांत मी सासूशी बोलले न्हाई. पानी दिलं, भाकर दिली, बोलले न्हाई. ते माजं पाप हाय. तुजं म्हननं, त्यानं ते उचललं. मला हलकं वाटायला पायजे व्हय ना? मला हलकं वाटत न्हाई गं, लाज वाटती. मी सासूला बोलले न्हाई म्हून परक्या बाईच्या लेकराला खिळे? माजं मला भोगू दे की." मी तुला सांगू पाहिलं की आमच्याकडे यालाच कृपा म्हणतात. फुकट मिळते, कमवावी लागत नाही. तू मान हलवलीस. "घेनाऱ्याला पटली तर कृपा. मला पटंना."

मी तुला कधी विचारलं नाही की तुला भोगण्यात इतकं काय आहे. विचारायला हवं होतं. आता उत्तर मिळणार नाही.

आणि तुझी माय. तो प्रश्न तू एकदाच विचारलास. "माजी माय तुज्या येशूचं नाव न ऐकता गेली. दिंद्रुडच्या पलीकडं कदी गेली न्हाई ती. ती कुटं हाय सांग." माझ्याकडे शिकवलेली उत्तरं होती. चांगली, नीट बसवलेली. मी तोंड उघडलं आणि त्यातलं एकही बाहेर येईना, कारण मी तुझ्या मायला ओळखत होते. तुझ्याकडे आली की माझी बोटं दाबून पाहायची, म्हणायची, कामाचा हात हाय. मी म्हणाले, "मला माहीत नाही, कांते." तू उठून चहा ठेवलास. कप पुढे करताना म्हणालीस, "हे तुजं पयलं खरं बोलनं." चहात आलं जास्त झालं होतं.

तू माझं ऐकलंस तेवढं मीही तुझं ऐकलं, हे मान्य कर. तूच सांगितलंस की तुला पाळी आली तेव्हाही तुझा देव कुणी तुझ्यापासून काढून घेतला नाही. शेजारच्या बाया चार दिवस देवघराकडे फिरकत नव्हत्या आणि तू रोजच्यासारखी तळहातावर पूजा करत होतीस. नवरा गेला तेव्हाही तसंच. "बाई म्हून कुनी मला बाजूला बस म्हनलं न्हाई. मदी भटजी न्हाई, देऊळ न्हाई, कुलूप न्हाई. मला पायजे तवा हात उघडते. असा देव जवळ असताना कुनाच्या नावानं त्याच्याकडं जाऊ?" हे ऐकून मी तुला माझ्या आजोबांचं सांगितलं. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. सावली पडली तरी लोक अंग चोरायचे. आणि एके दिवशी कुणीतरी त्यांना सांगितलं की देव स्वतः गोठ्यात जन्मला, तुझ्यासारख्यांच्यात बसून जेवला, त्याच्या पंगतीला ये. आजोबा गेले. आमच्या घरात पहिलं पुस्तक त्या पंगतीतून आलं. मी नर्स झाले ती त्या पंगतीमुळे.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग माझा हात धरून, दटावल्यासारखं म्हणालीस, "मग तू त्याला कदीच सोडू नको. आयकलंस का? मी किती बी बोलले तरी."

कांते, माझ्या पाळकांनी मला हे अनेकदा सांगितलं आहे. पण जिला तो नको होता तिने सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

मागल्या साली तुझ्या पोटात गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन ठरलं. शिवा, मी आणि तू, जीपमध्ये तू रस्ताभर ड्रायव्हरला ब्रेक कसा लावावा ते सांगत होतीस. ऑपरेशनच्या आधी तिथली सिस्टर आली आणि रोजच्या सवयीने म्हणाली, गळ्यातलं, हातातलं सगळं काढा. हा नियम मीच आयुष्यभर लोकांना सांगितला आहे. पण तुझ्या गळ्यातलं जन्मल्यापासून अंगावेगळं झालेलं नव्हतं. आंघोळीत नाही, बाळंतपणात नाही. ते हरवलं तर माणसाने जगू नये असं मानणारी माणसं तुमच्या मागच्या पिढ्यांत होती, तूच सांगितलं होतंस. मी सिस्टरला बाजूला घेऊन बोलायला निघाले तर तू मला थांबवलंस. "नियम हाय ना? मग काढू की."

शिवाने हात पुढे केला. त्याला दीक्षा झालेली, त्याच्याही गळ्यात लिंग. त्याने घेणं हेच रीतीला धरून होतं. तू त्याच्या हाताकडे पाहिलंस. "तू नगं. तुला रक्त आना, गोळ्या आना म्हून पळवतील. कुटंतरी ठिवशील." मग माझ्याकडे वळलीस. "रुथ, हात कर पुडं. डावा."

"कांते, मी ख्रिस्ती आहे."

"तीस वर्सं झाली, मला म्हायीत न्हाई का? खाली ठिवायचं न्हाई. टेबलावर न्हाई, पर्समदी न्हाई. मी आले की तुज्या हातातून माजी मी घेईन."

शिवा घाबरून म्हणाला, "आये, स्वामी काय म्हनतील?"

"स्वामींला मी सांगन. मी नसले तर तू सांग." आणि तू डबी माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं एकेक करून मिटवलीस. "हिच्या हाताला सवय हाय," शिवाला म्हणालीस. "दुसऱ्याचं लेकरू धरायची."

तुला आत नेलं आणि मी त्या बाकावर बसले. मूर्तीबद्दल आम्हाला काय शिकवतात ते तुला ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. मला भीती वाटायला हवी होती. माझ्या हातात तुझ्या अंगाची ऊब अजून होती, चांदीला लागून राहिलेली. तुझ्या जन्मापासूनची सगळी वर्षं त्या एवढ्याशा वजनात होती: तुझ्या मायने तुला अंगाला लावलं तेव्हा मधे हे होतं, तुझा नवरा गेला तेव्हा तू हेच धरून बसलीस, शिवा दूध पिताना याच दोऱ्याशी खेळला असेल. मी डोळे मिटून येशूला हाक मारली. मला दुसऱ्या कुणाला मारता येत नाही. तुझा देव हातात धरून मी माझ्या देवाकडे तुझा जीव मागत होते, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. उलट वाटलं, चपला काढून बसावं. मी काढल्याही. समोरच्या बाईने पाय दुखतात का विचारलं.

चहा आला, मी घेतला नाही. शिवा दोनदा म्हणाला, मावशी, थोडा वेळ मी धरतो. मी दिलं नाही. मला ते द्यायचंच नव्हतं, हे खरं सांगते. इतकं मोलाचं कुणी माझ्यावर सोपवलं नव्हतं, आणि सोपवणारी ती होती जिला मी इतकी वर्षं सांगत होते की तुझ्या हातातलं खरं नाही.

शुद्धीवर आल्यावर तू डोळे न उघडता हात पुढे केलास. मी डबी त्यात ठेवली. बऱ्याच वेळाने तू पुटपुटलीस, "कुनाला हाक मारलीस?"

"येशूला."

"मग दोगंबी व्हते तर," म्हणून तू पुन्हा झोपलीस.

मला वाटलं होतं आता तू बरी झालीस. आजार परत आला, आणि त्या खेपेला डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ मला कळत होता, तुलाही. आमचे पाळकसाहेब भले गृहस्थ आहेत, तुला भेटायला दोनदा आले, तू त्यांना अंजिराच्या झाडाचं विचारलंस. जाताना ते मला दाराशी म्हणाले, "भगिनी, वेळ थोडा आहे. एकदा तुम्हीच विचारा. तुमचं ऐकतील त्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरंच तुझी काळजी होती.

मी विचारलं. दुपार होती, तुझी सून दळायला गेली होती. मी इतकी वर्षं जमवलेलं सगळं विसरले, शास्त्र, पुरावे, सगळं. तुझ्या खाटेच्या कडेला बसून लहान पोरीसारखी रडले. "कांते, एकदा हो म्हण. मनात नसलं तरी म्हण. मला पुढं तू पायजेस गं. मी तिथं कुणाशी भांडू?"

तुझा आवाज खूप खाली गेला होता, मला वाकावं लागलं. "तुज्यासाठी मी काय बी केलं असतं. मटन शिजवू दिलं असतं मागच्या खोलीत."

"मग म्हण की."

"तुज्यासाठी म्हनलं तर ते तुला म्हनल्यावानी हुईल, रुथ. त्याला न्हाई." तू थांबलीस, दम घेतलास. "ज्यानं खिळे ठोकनाऱ्याला शिवी बी दिली न्हाई, त्याच्या तोंडावर मी खोटं बोलू? इतकी हलकी किंमत करू त्याची? मला पटत न्हाई ते न्हाई. पर त्याच्यापुडं खोटं बोलायची मला लाज वाटती."

मग मला म्हणालीस, "नाक पूस."

मी पुसलं. तिथे बसून मला काय वाटलं ते तुला सांगायचं राहूनच गेलं. चर्चमध्ये मी शेकडो माणसांना हो म्हणताना पाहिलं आहे. मी स्वतः म्हटलं तेव्हा मी पोरगी होते, नव्या फ्रॉककडे लक्ष होतं माझं. येशूचं नाव इतक्या जपून, इतक्या भिडेने तोंडात घेणारं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि ते माणूस त्याला नाही म्हणत होतं. मी तुझ्यासमोर गप्प झाले ती हरले म्हणून नाही. आपण कुठल्यातरी मोठ्या जागी येऊन पोचलो आहोत आणि इथं मोठ्याने बोलू नये, असं मला वाटलं.

त्यानंतर मी विचारलं नाही. रोज सकाळी मात्र तुझ्या पूजेला येऊन बसायची. तुला हात वर धरवेना, मी कोपराखाली हात द्यायची. बेलाचं पान उचलवेना, मी उचलून तुझ्या बोटांत द्यायची. शिवाच्या बायकोने एकदा विचारलं, "मावशी, तुमाला चालतंय का?" तू म्हणालीस, "तिला कुटं करायचीय पूजा? ती माजा हात धरायली."

परवा तुला बसवूनच नेलं. गाव बहुतेक जाळतं. पुरतो ते तुम्ही, आम्ही आणि मुसलमान. त्यावरून तू मला चिडवायचीस: "तुमी निजून वाट बगता, आमी बसून." रुद्रभूमीत खाली उतरवून तुला मांडी घालून बसवलं, कपाळाला भस्म लावलं, आणि स्वामींनी ते लिंग डबीतून काढून तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. पाठ ताठ होती तुझी. मी आयुष्यात इतकी मेलेली माणसं पाहिली, कुणी इतकं जागं दिसलं नव्हतं. स्वामी म्हणाले, कांताबाई लिंगैक्य झाल्या. बेलाची पानं पडू लागली आणि माझ्या तोंडून मोठ्याने "आमेन" निघून गेलं. शिवाने वळून पाहिलं. स्वामींनीही पाहिलं. पुढचा मंत्र सुरू करण्याआधी ते जरासे थांबले मात्र. मग मीही माती लोटली.

काल पाळकसाहेबांचा फोन आला. "शेवटी काही बोलल्या का त्या?"

"बोलली. नाही म्हणाली."

ते म्हणाले, "फार वाईट झालं."

"वाईट नाही झालं, साहेब. तिने त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ऐकलं होतं." माझा आवाज चढला असावा. त्यांनी वाद घातला नाही. माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. मी म्हणाले, करा.

तर असं आहे, कांते. तुझ्या म्हणण्याप्रमाणे असेल तर तू आता तुझ्या देवात मिळालीस. सगळीकडे आहेस आणि कांता म्हणून वेगळी कुठेच उरली नाहीस. मग मी येऊन भेटायचं कुणाला? आणि आम्हाला शिकवलंय त्याप्रमाणे असेल तर मी एका बाजूला, तू दुसऱ्या. म्हणजे तू बरोबर असलीस तरी आपली भेट नाही आणि मी बरोबर असले तरी नाही. रात्रंदिवस घासाघीस करून आपण दोघींनी मिळून एवढंच कमावलं. मला हे सोसत नाही, अगदी सोसत नाही, हे तुला सांगायचं होतं.

इतकी वर्षं मी गुडघे टेकले की तुझ्यासाठी एकच मागायची, हिचं मन वळव. आज सकाळी सवयीने टेकले आणि ते मागायचं उरलंच नव्हतं. शिवाने दार वाजवलं, तरी उठवेना. मग जे तोंडात आलं ते मागितलं. म्हणाले, प्रभू, आम्ही दोघीही थोड्या थोड्या चुकलेल्या असू दे.